सात मजल्यांची फेरी कोणाच्या हाती

मी, शेवटी सही करणार तो इसम, वय एक्कावन्न, शिक्षण शाळेने कंटाळून सोडले तेवढे व त्यापुढचे स्वतःचे स्वतः, धंदा व्यापारी इमारतींतल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांची बिघाड होण्याआधी करावयाची देखभाल (बिघाड झाल्यानंतरची नव्हे, ती माझा धाकटा भाऊ करतो), असे लिहून ठेवतो की, हा मजकूर मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर, चष्मा पुसून व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. पत्नी दोनदा येऊन "झालं का?" असे विचारून गेली. त्याला दबाव म्हणता येणार नाही.

माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला जोडावा म्हणून मी ज्या सात मजली इमारतीची देखभाल करतो तिथल्या डॉक्टरांकडे गेलो होतो. ते म्हणाले, "मी दातांचा डॉक्टर आहे हो. दात ठिकाणावर आहेत एवढं लिहून देतो." ते मी घेतले नाही. डोके ठिकाणावर आहे की नाही हे वाचणाऱ्याने मजकुरावरून ठरवावे.

मृत्युपत्र करण्याचे कारण. मागच्या महिन्यात गच्चीवरच्या टाकीची शिडी चढताना मला चक्कर आली. मी पडलो नाही. शिडीला धरून उभा राहिलो आणि ती वेळ वाया जाऊ नये म्हणून टाकीच्या सांध्यांवरचा गंज तपासला. तरी खाली उभ्या असलेल्या लिफ्टमनने ही गोष्ट घरी पोचवली. मग खऱ्या डॉक्टरांनी शिडी बंद केली. त्याच आठवड्यात माझी मुलगी, जी गेली काही वर्षे माझ्याबरोबर काम करते, जेवताना म्हणाली, "बाबा, मी काकाकडे कामाला जायचं म्हणतेय. टाकी धुण्याच्या दिवसापर्यंत त्याला कळवायचंय."

ती गेली तर सात मजल्यांची माझी फेरी माझ्यानंतर कोणाचीच राहणार नाही. ती जाऊ नये यासाठी हे मृत्युपत्र आहे. घर, पैसे वगैरे ओघाने आले म्हणून लिहिले आहेत.

कलम १. राहते घर. राहते घर माझ्या पश्चात पत्नीचे. त्यावर कोणाचाही हक्क, हिस्सा, कुरकुर चालणार नाही. अट एकच: स्वयंपाकघराच्या ओट्याखालचा मुख्य व्हॉल्व्ह दर सहा महिन्यांनी पूर्ण बंद करावा, पूर्ण उघडावा, आणि मग पाव फेरा मागे आणून ठेवावा. न फिरवलेला व्हॉल्व्ह जागच्या जागी धरतो आणि ज्या दिवशी लागतो त्या दिवशी हातात येते ती नुसती चक्री.

या संदर्भात, माझा मेहुणा सर्वांना सांगत फिरतो त्या प्रसंगाची खरी हकीकत येथे नमूद करतो. तो पाहुणा म्हणून आला होता. त्या दिवशी व्हॉल्व्ह फिरवण्याची तारीख होती. पाहुणे येतात आणि जातात, तारीख पाळावी लागते. मी व्हॉल्व्ह बंद केला, चक्रीचा आटा झिजलेला दिसला म्हणून ती काढून खिशात टाकली आणि तशीच नवी आणायला बाजारात गेलो. मेहुणा त्या वेळी डोक्याला साबण लावून उभा होता हे मला कोणी कळवले नव्हते. नवी चक्री तिसऱ्या दुकानात मिळाली. मी परत आलो तेव्हा तो पंचा गुंडाळून बाहेरच्या खोलीत बसला होता आणि साबण वाळून त्याचे केस उभे राहिले होते. बायको म्हणाली, "अहो, निदान सांगून तरी जायचं." मी म्हणालो, "सांगितलं असतं तर त्याने आधी आंघोळ उरकली असती आणि तारीख चुकली असती." आजही माझे म्हणणे तेच आहे. तो व्हॉल्व्ह अजून एका बोटाने फिरतो.

कलम २. बँकेतील शिल्लक. जी असेल ती पत्नीची. ती किती आहे हे तिला माझ्याआधी ठाऊक असते.

कलम ३. हत्यारे. पाने, कानस, नळ साफ करायची लांब स्प्रिंग, दाब मोजायचे घड्याळ आणि पंपाच्या अंगाला लावून कानाने आवाज ऐकायचा लांब पेचकस, हे सर्व मुलीला. पेचकसाने पेच फिरवू नये. त्याचे टोक वाकले तर आवाज फिरतो.

काडीला लावलेला छोटा गोल आरसा, ज्याने नळांची मागची बाजू दिसते, तोही मुलीला. हा आरसा दातांच्या डॉक्टरांचा आहे असे ते म्हणतात. तो त्यांच्याच बेसिनच्या नळातून मीच काढला. बेसिनमध्ये गेलेली वस्तू काढणाऱ्याची, असा माझ्या धंद्यातला रिवाज आहे. तो मीच सुरू केला.

वडिलांचा मोठा पाइप पाना भावाला द्यायचा माझा विचार होता. त्याबद्दल पुढे येईल.

कलम ४. ज्यांना माफ केले व ज्यांना केले नाही.

दातांचे डॉक्टर, तिसरा मजला. दातांचे साचे करायचे प्लास्टर ते बेसिनमध्ये ओततात. प्लास्टर पाण्यात घट्ट होते हे त्यांना त्यांच्या कामात चालते, नळात चालत नाही. मी बेसिनखाली गाळ धरणारा डबा बसवून दिला. ते म्हणाले, "छान, आता काळजी नको." आणि पूर्वीपेक्षा जास्त ओतू लागले. माफ केलेले नाही.

इमारतीचे मॅनेजर. हे गृहस्थ दर वर्षी करार करताना मला खुर्ची देतात, पाणी देतात आणि विचारतात, "मास्तर, वर्षभरात झालं काय?"

"काही नाही," मी म्हणतो.

"मग आम्ही पैसे कशाचे देतो?"

"काही न होण्याचे."

दर वर्षी हे असेच होते आणि दर वर्षी ते सही करतात. एका वर्षी मात्र त्यांनी पाचवा मजला करारातून काढला, कारण तिथली कंपनी सोडून गेली होती आणि रिकाम्या मजल्यावर मी बादली घेऊन का जातो हे त्यांना कळेना. मोरीच्या जाळीखाली वाकड्या नळात ओंजळभर पाणी साचून असते आणि तेच गटाराचा वास वर येऊ देत नाही. कोणी वापरले नाही की ते सुकते. म्हणून मी प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओततो. ते बंद झाले. उन्हाळ्यात सहाव्या मजल्यावर वास सुटला. तिथल्या हिशेबनिसांनी शेजारच्या वकिलांच्या मोज्यांवर संशय घेतला. वकिलांनी नोटीस काढली. वाद वाढत गेला आणि वकिलांनी मोजे काढून पुरावा म्हणून टेबलावर ठेवले, इथपर्यंत माझ्या कानावर आहे. मॅनेजरांनी मजला परत करारात घेतला. त्यांना अर्धे माफ केले आहे. उरलेले अर्धे त्यांनी "मास्तर, एवढं आधीच नीट समजावून सांगायला हवं होतं" असे म्हटल्यामुळे राखून ठेवले आहे.

माझा धाकटा भाऊ. आमचे दुकान एकच होते. आता मध्ये लाकडी आडोसा आहे. त्याच्या बाजूला पाटी आहे, "तुंबलं? फुटलं? बोलवा." माझ्या बाजूला पाटी नाही. काय लिहिणार? "काही झालं नसेल तर बोलवा" असे लिहून पाहिले होते. त्यावर एक माणूस गप्पा मारायला आला.

भांडण वॉशरवरून झाले. मी गळायच्या आधी वॉशर बदलायचो. तो म्हणायचा, "दादा, चालतं वॉशर काढतोस, पाप लागेल तुला." मी म्हणायचो, "गळल्यावर काढतोस तेव्हा गिऱ्हाइकाच्या गालिच्याचं पाप कोणाला?" मग एकदा शेजारच्या इमारतीत मोठा नळ फुटला. हा कमरेइतक्या पाण्यात शिरला, नळ बंद केला, आणि बाहेर आला तेव्हा जिन्यावर उभ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथेच होतो. तो वरमला नाही, उलट त्याने हात वर करून दाखवला. माझ्यासाठी कोणी कधी टाळी वाजवलेली नाही. न फुटलेल्या नळापुढे उभे राहून कोण वाजवणार? त्यानंतर आडोसा झाला. त्याच्याशी मी बोलतो. आडोशावरून.

कलम ५. फेरी. ~~माझ्या पश्चात सात मजल्यांच्या इमारतीची फेरी, म्हणजे तळघरातल्या पंपांपासून गच्चीवरच्या टाक्यांपर्यंतची सर्व देखभाल, करार, बंद खोल्यांच्या व डक्टच्या चाव्या व मला असलेले सर्व अधिकार माझ्या मुलीकडे जावेत. तोपर्यंत ते माझ्याकडे राहतील.~~

वरील कलम मी स्वतः खोडले असून बाजूला सही केली आहे. मृत्युपत्रातील खाडाखोड संशयास्पद मानतात, म्हणून ती कशी झाली ते संपूर्ण लिहून ठेवतो.

कलम लिहून झाल्यावर मी ते रात्रीच्या जेवणाला सर्वांसमोर वाचले. मला वाटले होते, मुलीला आनंद होईल. पत्नी म्हणाली, "अक्षर बरं आलंय." मुलीने घास संपवला, पाणी प्यायली, मग म्हणाली, "बाबा, आजोबा किती वर्षांचे होऊन गेले?"

"ब्याण्णव."

"आणि आजी?"

"तिला न्यायला कोणी येतच नव्हतं," पत्नी म्हणाली. "शेवटी स्वतःच कंटाळून गेल्या."

"म्हणजे मला फेरी मिळेल तेव्हा मी सदुसष्ट वर्षांची असेन," मुलगी म्हणाली. "तेव्हा शिडी चढायची, का तिच्याकडे बघून नमस्कार करायचा?"

मी म्हणालो की, कायदा असाच असतो, मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते.

"तेच म्हणतेय. मृत्युपत्र म्हणजे बिघाडाचं काम झालं. आधी माणूस बंद पडायचा, मग बाकीच्यांनी धावाधाव करायची, चाव्या शोधायच्या, मॅनेजरच्या पाया पडायचं. हा काकाचा धंदा आहे, बाबा. तुमचा नाही."

मी जेवणावरून उठलो नाही. अन्न टाकणे माझ्या स्वभावात नाही. पुढची पोळी वाढून घेत म्हणालो, "अगं, पण मी आहे ना अजून."

"आहात. म्हणूनच विचारतेय. तळघरात दोन पंप का ठेवलेत?"

"एक चालतो, एक ठेवणीतला."

"आणि दर सोमवारी तुम्ही काय करता?"

"अदलाबदल."

"का?"

हे मला सांगायचे नव्हते, पण धंद्याचा प्रश्न विचारल्यावर खोटे उत्तर देता येत नाही. "नुसता ठेवला तर धरतो," मी म्हणालो.

"मग मला किती वर्षं झाली नुसती ठेवून? पिशवी मी उचलते. टाकीत मी उतरते. चावी तुम्ही फिरवता. मॅनेजर मला विचारतात, 'मास्तर कुठे आहेत?' मी सांगते, 'जिन्यात, दम खातायत.' ते म्हणतात, 'बरं, ते आले की बोलू.' गळती माझ्यासमोर, मी त्यांच्यासमोर, आणि बोलायला तुम्ही यायचे."

"अहो, ती बरोबर बोलतेय," पत्नी म्हणाली, "आणि जेवण गार होतंय."

त्यानंतर मी दुकानात जाऊन भावाला जाब विचारला. आडोशावरून नाही, त्याच्या दारातून. हे बऱ्याच वर्षांनी घडले म्हणून नमूद करतो. तो एका तुटक्या नळाची तोटी सोडवत होता.

"माझ्या मुलीला फूस लावतोस?" मी म्हणालो.

"दादा, मी नाही विचारलं तिला," तो म्हणाला. "तिने मला विचारलं. मी म्हटलं, आधी दादाशी बोल. तर म्हणाली, बोलून उपयोग नाही, ते म्हणतील, मी आहे ना अजून."

मी आडोशाची फळी हलते का ते पाहिले.

"म्हणालास की काय तू?"

"शब्द वेगळे होते," मी म्हणालो. शब्द तेच होते.

त्याने तोटी खाली ठेवली. "हे बघ, माझ्याकडे आली तर मला हवीच आहे. तिच्यासारखा हात माझ्याकडे एकाचाही नाही. पण तिला फुटलेले नळ आवडत नाहीत. परवा एका ठिकाणी नेली होती. पाणी छतातून धो धो पडतंय, लोक ओरडतायत, आणि ही छताकडे बघत मला म्हणते, 'काका, हे मागच्या वर्षीच दिसायला हवं होतं.' अरे, गिऱ्हाइकासमोर असं बोलतात का? धंद्यात ती तुझ्यावर गेलीय. माझ्याकडे ती दुःखी होईल आणि माझी गिऱ्हाइकं जातील."

मला हे ऐकून जे वाटले ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही. घरी आलो आणि कलम खोडले.

कलम ५, नव्याने. सदरहू फेरी, करार, चाव्या व अधिकार मी माझ्या हयातीत, या कागदावर सही होताक्षणी, माझ्या मुलीकडे सोपवत आहे. यापुढे मॅनेजरांनी तिच्याशी बोलावे. तिला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, आणि वर्षभरात काय झाले ते विचारावे. उत्तर तिला पाठ आहे.

या हस्तांतरणाला तिने घातलेल्या अटी मी मान्य केल्या असून त्या येणेप्रमाणे. मी फेरीवर येऊ शकतो, पण लिफ्ट जाते तिथपर्यंतच. पाचव्या मजल्यावरच्या जाळ्यांत पाणी ओतण्याचे काम माझ्याकडे राहील. ती काम करत असताना मी "असं नाही" आणि "इकडे दे" हे म्हणणार नाही. विचारल्याशिवाय बोलणार नाही. यात "गळत असेल तर सोडून" एवढे घालू द्यावे अशी मी विनंती केली. ती म्हणाली, "गळत असेल तर मला दिसेल." मी म्हणालो, "न दिसल्यास?" ती म्हणाली, "तर काकाला बोलवू." हे तिने मला चिडवायला म्हटले असावे, तरी विनंती मागे घेतली.

तिने भावाला नकार कळवला आहे का, हे मी विचारले. ती म्हणाली, "आधी सही करा."

कलम ६. वडिलांचा पाइप पाना. कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. भाऊ साक्षीला हवा होता, म्हणून मी त्याला विचारले, "सही करतोस की पाना घेतोस?"

तो म्हणाला, "सही करतो. आणि पाना आत्ताच दे. तू ब्याण्णवचा होईपर्यंत तो कशाला गंजवतोस?"

पाना दिला. त्यामुळे हे कलम रिकामे आहे. कलम ५ चा ऐवजही दिला गेला आहे. पत्नी म्हणते की, घर आणि बँक पहिल्यापासून तीच बघते, तेव्हा ती दोन कलमेही नावापुरतीच आहेत. आरसा दातांच्या डॉक्टरांनी परत मागितला तर देऊ नये, एवढीच तरतूद माझ्या पश्चात अमलात यायची राहिली आहे. ती कडकपणे अमलात आणावी.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यापुढे करावे लागेल असे काही शिल्लक दिसत नाही.

ठिकाण: इमारतीचे तळघर, पंपांची खोली.
तारीख: टाकी धुण्याच्या दिवसाचा आदला दिवस, सोमवार, पंपांची अदलाबदल झाल्यावर (मुलीने केली, मी बोललो नाही).

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिला, इमारतीचा लिफ्टमन: (सही)
मजकूर वाचलेला नाही. मास्तरांनी माझ्यासमोर सही केली. शिडीची बातमी मीच दिली होती, त्याबद्दल मास्तर माझ्याशी बोलत नव्हते. आज बोलले. "सही सरळ रेषेत कर" म्हणाले.

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ: (सही)
दादाने पूर्ण शुद्धीत सही केली. सही करताना हात स्थिर होता. नंतर चाव्यांचा जुडगा देताना त्याने चाव्या दोनदा मोजल्या. पुतणीने जुडगा न मोजता कमरेला लावला आणि म्हणाली, "काका, माझं तुझ्याकडे यायचं आता रद्द. बाबा, चला, पाचवा मजला सुकलाय." मी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, पंपाचा आवाज ऐकू येत नाही, थांब. पण लगेच म्हणाला नाही, आधी थोडा वेळ वाजू दिल्या.